दोन नावांचा मेंदू

लाम्फून
४ मार्च, बुद्धवर्ष २५६२

लामयाय,

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. ठेव. पोस्टाला अजून कुणाला बंद करता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुझा पत्ता बाजारातल्या तुझ्या मावशीकडून मिळवला, त्यासाठी तिच्या गाड्यावरची नको ती भाजी कितीदा विकत घेतली ते मलाच ठाऊक. तिच्यावर रागावू नकोस. समुत साखोन, मासळीचा कारखाना, कामगारांची खोली, एवढंच ती बोलली. निरोप सांगशील का म्हटलं तर कानांवर हात ठेवले. "चांगचं नाव काढलं तर ती मलाही बंद करेल बुआखाम, माझी एकुलती भाची आहे."

आधी चांगली बातमी सांगते. तुझी किडनी ठणठणीत आहे. दर महिन्याला तपासतात आणि दर महिन्याला डॉक्टर कौतुक करतात, की इतकी कामसू किडनी क्वचित बघायला मिळते. मी म्हणते, ज्या बाईची आहे तिला बघितलं असतंत तर कळलं असतं. आजारी पडलाय तो किडनीच्या भोवतीचा माणूस, माझा चांग.

जानेवारीपासून चांगच्या उजव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. आधी पक्कड, मग चहाचा ग्लास. मला वाटलं, रात्री जागून फुटबॉल बघतो त्याचा परिणाम. मग एकदा जेवताना म्हणाला, "आई, तो स्क्रूड्रायव्हर दे," आणि बोट चमच्याकडे. मी हसले. तोही हसला. पण त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो काही विनोदाचा नव्हता.

इथल्या एका खाजगी सेंटरात त्याच्या मेंदूचा एमआरआय काढला आणि ती सीडी घेऊन चियांगमाईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे डॉक्टर रुजिरा म्हणून बाई आहेत, मेंदूच्या. तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी पडद्यावर डाग दाखवला. लामयायच्या, म्हणजे तुझ्या नावाच्या त्या फळाच्या, बीएवढा, पांढरा. म्हणाल्या, हा एक विषाणू आहे, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या अंगात झोपून असतो, काही करत नाही. पण किडनी शरीराने नाकारू नये म्हणून चांग ज्या गोळ्या घेतो, त्यांनी अंगातले पहारेकरीही झोपतात. मग हा उठतो आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खात सुटतो. चांगला ते माझ्याआधी कळलं. जन्म इलेक्ट्रिकची कामं करण्यात गेला ना. म्हणाला, "म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक उंदरांनी कुरतडलंय, आई. तांबं शाबूत आहे, पण शॉर्ट होतंय."

औषध नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बाईंनी तेच सांगितलं. एकच करता येतं, त्या गोळ्या थांबवायच्या आणि पहारेकऱ्यांना उठू द्यायचं. पण उठलेले पहारेकरी डोक्यातला चोर शोधतील तशी पोटातली पाहुणीही शोधतील. ती तुझी आहे, लामयाय. ती जाईल.

मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. आई आहे मी. चांग मध्येच म्हणाला, "नाही. ती तिची आहे. मला वापरायला दिली. मोडायची असेल तर तिला विचारा."

मी म्हटलं, "ती माझा फोन उचलत नाही."

"मग लिही. तुला येतं की लिहायला. लोकांच्या छातीवर का होईना."

म्हणून हे पत्र. शाळेच्या सदऱ्यांवर पोरांची नावं भरून भरून माझं अक्षर टाक्यांसारखं झालंय, समजून घे. सध्या बाईंनी कसंबसं त्याला अर्ध्या गोळ्यांवर राजी केलंय. अर्धं म्हणजे मोडणं नव्हे, असं त्याचं म्हणणं. पुढचं तुझ्यावर आहे. एकच शब्द लिही. थांबवा, किंवा नको.

तू 'नको' म्हणालीस तर काय करायचं, ते मी त्याला विचारलेलं नाही.

बुआखाम


लाम्फून
२० एप्रिल २५६२

लामयाय,

नववर्ष झालं. पोरांनी रस्त्यात पाणी उडवलं, आमच्या दारापर्यंत कुणी आलं नाही. चांगला खुर्चीत बसवून मी त्याच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं. खरं तर त्याने माझ्या हातांवर ओतायचं असतं. त्याने प्रयत्न केला, वाटी माझ्या मांडीवर पालथी झाली, आणि म्हणाला, "घे, सगळा आशीर्वाद एकदम."

तुझं उत्तर नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत सायकलवरून येतो तेव्हा चांग आतून ओरडतो, "कोंबडा आला का बघ." पोस्टमनला तो कोंबडा म्हणतो. आधी गंमत वाटली. मग कळलं, की त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

ती पासांगची बाई, जिच्यापायी तू हे घर सोडलंस, ती गेली. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. चांगच्या हातून ताटं पडायला लागली तशी आठवड्याभरात तिची पेटी भरली. मला तिचा राग येत नाही. तिने काही त्याला स्वतःचं काढून दिलं नव्हतं. आणि खरं सांगू, ती कंटाळली होती. चांग पाणी पिताना पोटावर हात ठेवून म्हणायचा, "हिला तहान लागलीय." बिअर नको म्हणताना, "ही रागावेल." कुठल्या बाईला आवडेल गं, घरात दुसरी बाई असलेली, तीही पोटाच्या आत.

तू गेलीस तेव्हा मी तुला अडवलं नाही, आणि त्यालाही बोलले नाही. त्याविषयी आज लिहीत नाही. आज दुसरंच सांगायचंय.

मी त्याचं नाव बदललं. विहारातल्या थोरल्या भंतेंकडे गेले होते. त्यांनी जन्मवार विचारला. मंगळवार. मग नाव विचारलं. खोमसान. ते म्हणाले, "उपासिके, मंगळवारी जन्मलेल्याच्या नावात क-ख चालत नाही. ते त्याचं अपशकुनी अक्षर. अडतीस वर्षं तू त्याला त्याच अक्षराने हाक मारतेयस."

"मी तर चांग म्हणते, भंते."

"टोपणनाव यमाच्या वहीत नसतं."

त्यांनी तीन नावं लिहून दिली. चांगने बोट ठेवलं ते पुण्णवित. मला वाटतं, त्याने वाचून ठेवलं नाही, बोट जिथे पडलं तिथे पडलं. तालुका कचेरीत अर्ध्या तासात काम झालं. नवं ओळखपत्र, नवा माणूस. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन सदऱ्यांवर मी नवं नाव भरलं. निळा दोरा. चांग आरशात बघून म्हणाला, "हा कोण?" थट्टा करत होता की खरंच विचारत होता, मला ओळखता आलं नाही.

तू नावांवर विश्वास ठेवत नाहीस हे मला माहीत आहे. मीही फारसा ठेवत नाही. आयुष्यभर लोकांची नावं उसवून नवी भरत आलेय, कुणाचं नशीब बदललेलं फारसं बघितलं नाही. पण हातात दुसरं काय होतं ते सांग.

लिही. एकच शब्द.

आई


लाम्फून
९ मे २५६२

लामयाय पोरी,

आज अक्षर नीट येईल, बातमी चांगली आहे.

पुण्णवित या नावाने पहिला एमआरआय झाला. या वेळी रंगाचं इंजेक्शन देऊन. रुजिराबाई कसल्याशा प्रशिक्षणाला परदेशी गेल्यात, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आहे, गालावर अजून पुरळ असलेला. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. डाग होताच, पडदाभर मोठा करून दाखवलेला. पण डागाच्या कडेला एक बारीक उजळ रेघ होती.

"आधीचे फोटो आमच्याकडे दिसत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "पण ही कड बघा. रंग इथे पाझरलाय. म्हणजे शरीराच्या पेशी इथे पोचल्यात, लढतायत. या आजारात ज्यांच्या डागाला अशी कड उजळते, ते बहुतेक वेळा इतरांपेक्षा बरे निघतात."

"म्हणजे अर्ध्या गोळ्या पुरे?"

"आत्ता तरी असंच चालू ठेवू. किडनीही वाचेल."

मी त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा दचकला, माझ्याहून खाली वाकायला गेला आणि टेबलावर डोकं आपटून घेतलं.

चांग मागे चाकाच्या खुर्चीत होता. मी त्याला म्हटलं, "ऐकलंस? पाहुणी राहणार." त्याने पोटावर थोपटलं. शब्द आला नाही, पण मला कळलं.

घरी येताना विहारात कमळं वाहिली, भंतेंना सांगितलं, नाव लागू पडलं. मग लामयायच्या बागेतून चालत आले. यंदा झाडं अशी लगडलीत की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेत. लोक म्हणतात भाव पडणार. मला काय त्याचं. मी मधोमध उभी राहून मोठ्याने तुझं नाव घेतलं. माळी बघायला लागला, तेव्हा म्हटलं, फळाला हाक मारतेय.

म्हणून आता उत्तराची घाई नाही. तुला काहीच ठरवावं लागणार नाही. वाटलं तर नुसती खुशाली लिही. कारखान्यात हात गार पडत असतील बर्फाच्या पाण्याने. तिळाचं तेल चोळत जा.

तुझी सासू. खोडायचं असेल तर खोड.


लाम्फून
१७ जून २५६२

लामयाय,

गेलं पत्र फाडून टाक.

मे महिना संपता संपता चांगला गिळता येईना. भाताचा गोळा तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत बसायचा. चियांगमाईला भरती केलं. रुजिराबाई परत आल्या होत्या, पण आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यांना आम्ही ठाऊक नव्हतो. त्या वॉर्डात त्याच्याच खाटेवरून दोनदा पुढे गेल्या. खाटेवर पाटी पुण्णवितची. त्यांच्या डोक्यात खोमसान. खोमसानची फाइल एप्रिलच्या सुरुवातीला थांबलेली. त्यांना वाटलं होतं, खोमसान गेला. तिसऱ्या वेळी मीच त्यांचा पदर धरला. पदर कसला, पांढरा कोट.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. "मावशी, हा तर खोमसान."

"होता," मी म्हटलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ओळखपत्राचा नंबर तोच असतो, त्यामुळे पुढच्या नोंदी नव्या नावावर गेल्या, पण पहिला फोटो बाहेरच्या सेंटरातला, त्याची सीडी जुन्या नावाच्या पाकिटात पडून आहे. मग स्वतः खाली जाऊन ती काढून आणली. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. डावीकडे खोमसान, उजवीकडे पुण्णवित. डावीकडे तो बीएवढा ठिपका. उजवीकडे मुठीतल्या भाताच्या गोळ्याएवढा, आणि त्याची शेपटी खाली उतरलेली, जिथून गिळणं आणि श्वास चालतो तिकडे. ती उजळ रेघ होती, नाही असं नाही. पण एकाच बाजूला, फाटक्या कपड्याला एकच टाका घालावा तेवढी.

"तो डॉक्टर चुकला?" मी विचारलं.

"नाही. एका फोटोवरून आजार कळतो, मावशी. पुढे काय होणार ते कळायला दोन लागतात. त्याच्याजवळ एकच होता."

"मी नाव बदललं नसतं तर?"

"तर हेच तुम्हाला महिनाभर आधी कळलं असतं. त्या महिन्यात काय वाचलं असतं, ते मला माहीत नाही."

तेव्हापासून ते 'माहीत नाही' मी चघळतेय. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर मी छाती पिटून मोकळी झाले असते. नाही म्हटलं असतं तर झोप लागली असती. दैवाला चकवायला निघालो आणि डॉक्टरला चकवून आलो. जगात दुसऱ्या कुठल्या मुलखात असं होत असेल का गं? आपल्याकडे मात्र अर्ध्या बाजाराने नावं बदललीत.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. अर्ध्या गोळ्यांनी भागत नाही. सगळ्या थांबवायच्या, आजच. किडनी वाचणार नाही. मेंदू वाचेलच असंही नाही.

आता चांगविषयी. बोलणं जवळजवळ गेलंय. 'आई' येतं, 'नको' येतं, आणि एक शिवी येते, ती तुलाही माहीत आहे. उजवी बाजू निकामी. पण समजतं त्याला. परिचारिका गोळ्या न देता निघाली तेव्हा त्याने डाव्या हाताने तिची बाही पकडली. "नको," म्हणाला. मग पोटावर हात. मग माझ्याकडे बोट, आणि हवेत लिहिल्यासारखं केलं. तुझं पत्र आलं का, विचारत होता.

बाई म्हणाल्या, त्याचं म्हणणं आम्हाला डावलता येईल, कारण आजाराने विचार झाकोळलाय असं लिहिता येतं. पण त्या तसं करायला कचरत होत्या. मीही. शुद्धीत असलेल्या माणसाच्या हातून बळजबरीने काढून घ्यायचं, आणि ते अशा गोष्टीसाठी, जी त्याने आयुष्यात एकदाच नीट सांभाळली.

म्हणून मी म्हटलं, "आलं. कालच आलं. लामयायचं पत्र आलं."

पिशवीत हात घातला. एका शाळकरी मुलीच्या गणवेशाच्या मापांचा कागद होता, तो उघडला आणि वाचायला लागले. लिहिलंय, म्हटलं, गोळ्या थांबवा. दिलेली वस्तू मी परत मागत नाही. ती त्याला जगायला दिली होती, पुजायला नाही. तो गेला तर ती कुणासाठी काम करणार? आणि शेवटी तुझ्या नावाने एक शिवी घातली. नाहीतर त्याला खरं वाटलं नसतं.

तो हसला, लामयाय. अर्ध्या तोंडाने, पण हसला. मग हात पुढे केला. कागद दे.

देऊ नये तर कळणार, द्यावा तर कळणार. दिला. त्याने डोळ्यांसमोर धरला. छाती, कंबर, बाही, सगळे आकडे. कितीतरी वेळ बघत होता, मग अलगद छातीवर ठेवला. अक्षरं त्याला लागत नाहीत आता. मला ते तेव्हा कळलं. सुटले म्हणून देवाचे आभार मानायचे की अक्षरं गेली म्हणून रडायचं, ते कळेना. दोन्ही केलं.

त्याने परिचारिकेची बाही सोडली.

तर तुझ्या नावाने मी हे केलंय. आता तरी लिही.

आई


लाम्फून
३ ऑगस्ट २५६२

लामयाय,

हे पाकीट जाडजूड आहे, घाबरू नकोस. माझी चारही पत्रं आत आहेत, तारखेप्रमाणे वाच. ती मला परत आली. सगळी एकदम, रबरबँड लावून, एकही न उघडलेलं. कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने वर लिहिलंय, या नावाची बाई इथे कुणी नाही. बिचाऱ्याने इतके महिने ठेवून घेतली होती, कुणी मागायला येईल म्हणून.

मी ती तशीच घेऊन बाजारात तुझ्या मावशीच्या गाड्यावर आपटली. "खोटा पत्ता दिलास मला?"

तिने पाकिटांवरचं नाव वाचलं. "हे कुठलं नाव घातलंस? इथून जाताना बदललं तिने. अपशकुनी अक्षर निघालं, सगळं त्याच्यामुळेच झालं म्हणे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू पत्ता मागितलास. नाव विचारलंस कुठे?"

खरं आहे. नाव मी कशाला विचारीन? तुमच्या लग्नाच्या उशांवर मीच ते भरलं होतं. भाजीवाल्या हसायला लागल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. मावशीने नवं नाव लिहून दिलं, ते या पाकिटावर घातलंय. सुंदर आहे. आत मात्र मी लामयायच म्हणणार, त्याला तुझी हरकत नसावी.

म्हणजे तुला काहीच माहीत नाही. तू गप्प बसलीस असं समजून मी तुझ्यावर इतके महिने रागावले, मनातल्या मनात काय काय बोलले, ते सगळं फुकट गेलं. तू नाही म्हणाली नव्हतीस. हो म्हणाली नव्हतीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

आता सांगायचं ते सांगते. जुलैच्या मध्यावर तुझी किडनी बंद पडली. एका रात्रीत नाही, हळूहळू, लघवी कमी होत होत. शेवटपर्यंत झगडली. तिथल्या डॉक्टरांनीही मान खाली घातली. ती अजून आतच आहे, काढत नाहीत. चांग पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर आहे, तू किडनी देण्याआधी होता तसा. मी त्याला सांगितलेलं नाही, पण आठवड्यातून तीन वेळा ते मशीन बघून त्याला न कळायला तो काय लहान आहे? तरी डावा हात पोटावरच असतो. त्या जागी ताप आला होता, तेव्हा तिथे ओला फडका ठेवायचा हट्ट केला. स्वतःच्या कपाळावर नाही.

काल तिसरा फोटो काढला. पुन्हा रंग देऊन, आणि तो अंगातून निघावा म्हणून त्याला लगेच मशीनवर घेतलं. रुजिराबाईंनी तिन्ही फोटो ओळीने लावले. या वेळी दोन्ही नावांची पाकिटं त्यांनी स्वतः एकत्र चिकटवून ठेवलीत. तिसऱ्यात डाग थोडा आणखी वाढलाय. पण कड सगळीकडून उजळलीय, सबंध, काठ शिवून पुरा करावा तशी.

"हे चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"दोन्ही, मावशी. पहारेकरी जागे झालेत. ज्यांची कड अशी उजळते त्यातले बरेचजण जगतात. पण डाग इतका खाली उतरला असेल तर त्यातले बरेचजण जगत नाहीत. त्याच्यात दोन्ही आहेत. आणि जे खाल्लं गेलंय ते भरून येत नाही. जगला तरी बोलेल असं मला वाटत नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं? आतून?"

त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. डॉक्टर असं बसत नाहीत. "मला फोटो वाचता येतो," म्हणाल्या. "त्याच्या पुढचं येत नाही." मग आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो. बाहेर दुसरे पेशंट खोळंबले होते.

मी थकलेय, लामयाय. शिलाईचं यंत्र महिनाभर झाकून ठेवलंय. शाळा सुरू होऊन गेली, पोरं दुसरीकडून नावं भरून घेताहेत. रोज सकाळी बसने चियांगमाई, संध्याकाळी परत. मला त्याला वाचवता येत नाही, मरूही देता येत नाही. नुसतं तोंड पुसता येतं. ते करते.

आता तुझ्याकडे मागायचं ते. मावशी म्हणते तू येशील. मी म्हणते येणार नाहीस. आपण पैज लावलेली नाही. पण आलीस तर एक गोष्ट ऐक. किडनी तुझी होती आणि तुला न विचारता गेली. त्याचा जाब तू मला विचार. दारातच विचार, चपला काढायच्या आधी. 'मी नाही म्हटलं असतं' असं म्हणायचं असेल तर तेही म्हण, ओरडून म्हण, मी उभी राहून ऐकून घेईन. मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे, म्हणजे ही केवढी कबुली आहे ते तुला कळेल.

मग माझ्याबरोबर इस्पितळात चल. तो दाराकडे तोंड करूनच निजलेला असतो. तुला बघून तो मापांचा कागद पुढे करेल, उशीखाली आहे. त्याला बोलता येत नाही, पण काय विचारतोय ते तुला कळेल. तेवढ्या वेळी खरं बोलू नकोस. कागद हातात घे आणि म्हण, हो, मीच लिहिलं होतं.

आई